अर्ज चुकला कोणाचा?



योजनेचा अर्ज बाद झाला की कचेरीतून एकच उत्तर मिळते, "तुमचा अर्ज चुकला." डहाणू-तलासरीत हे वाक्य आता इतके अंगवळणी पडले आहे की माणूस पुढे काही विचारतसुद्धा नाही. मान खाली घालून पाड्यावर परततो आणि घरच्यांना सांगतो, आपल्याला जमले नाही, आपण अडाणी. आमचे म्हणणे असे की अडाणी तो अर्ज आहे. ज्याने त्या अर्जाच्या चौकटी आखल्या त्याला शेत ठाऊक नाही, सातबारा ठाऊक नाही आणि भरणारा माणूसही ठाऊक नाही. चूक त्याची, आणि भुर्दंड आमच्या खात्यावर!

कोणी म्हणेल, शेतमालाचा भाव, वीज, पाणी, वनपट्टे हे प्रश्न सोडून संघटनेचे लोक मोबाईलवरच्या चौकटींवर काय लिहीत बसले? म्हणू द्या. पीकविमा घ्यायचा तर चौकट, पीएम किसानचा हप्ता अडकला तर चौकट, महाडीबीटीवर पंप किंवा ठिबकसाठी नाव लावायचे तर चौकट. १५ ऑगस्ट २०२१ पासून स्वतःच्या शेतातल्या पिकाची नोंदसुद्धा ई-पीक पाहणीच्या चौकटीतून आपणच करायची आहे. आणि १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर कृषी खात्याच्या योजनांचे दारच बंद. पूर्वी तलाठ्याच्या दारात उभे राहावे लागे. तलाठी खेकसला तरी निदान काय कमी आहे ते तोंडाने सांगायचा. चौकट बोलत नाही. ती नुसती लाल होते.

हा महाराष्ट्र एकदा चौकटींनी चांगला भाजला आहे, ती गोष्ट आधी आठवू.

२४ जून २०१७ रोजी राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ, एकूण ३४,०२२ कोटी रुपयांचा बोजा, असे सांगण्यात आले. पण माफी हवी असेल तर प्रत्येकाने ऑनलाइन अर्ज भरायचा! २४ जुलैला अर्ज सुरू झाले आणि मुदत वाढत वाढत २२ सप्टेंबरपर्यंत गेली. ऐन पावसाळ्यात, निंदणी-खुरपणी सोडून, नवरा-बायको दोघांची कागदपत्रे पिशवीत घेऊन राज्यभरचा शेतकरी सेवा केंद्रांपुढे रांगा लावून बसला. सर्व्हर बंद, अंगठा उमटत नाही, वीज नाही. पन्नास लाखांहून अधिक अर्ज त्यातूनही भरले गेले. १८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, काही शेतकऱ्यांना समारंभाने प्रमाणपत्रे वाटली. आणि मग कळले की अर्जातली माहिती आणि बँकांनी दिलेली माहिती एकमेकांशी जुळत नाही. आधार क्रमांकांचे घोळ, खात्यांचे घोळ. याद्या अडकल्या. बँका संगणक खात्याकडे बोट दाखवू लागल्या, संगणक खाते बँकांकडे. शेतकऱ्याने कोणाकडे बोट दाखवायचे? त्याचे बोट तर यंत्रावर ठेवलेले होते.

आता पुढचा भाग पाहा. २१ डिसेंबर २०१९ रोजी दुसऱ्या सरकारने महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली. मर्यादा दोन लाख. राज्य तेच, शेतकरी तेच, बँका त्याच. या वेळी शेतकऱ्याकडून अर्जच मागितला नाही. कर्जखात्यांची माहिती बँकांकडे होतीच, ती बँकांनीच दिली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी लागली. शेतकऱ्याने यादीत आपले नाव बघायचे, केंद्रावर किंवा बँकेत आधारची खातरजमा करायची आणि रक्कम मान्य असल्याचे सांगायचे, बस्स. त्या योजनेबद्दलही आमच्या तक्रारी आहेत आणि त्या आम्ही वेळोवेळी मांडल्या आहेत. कोणत्या पक्षाने काय केले याचा हिशोबही इथे मांडायचा नाही. पण एक गोष्ट त्या अडीच वर्षांत उघडी पडली. २०१७ साली शेतकऱ्याला रांगेत बसवून जे लिहून घेतले, त्यातले बरेचसे बँकेच्या वहीत आधीच लिहिलेले होते. सरकारने आपले काम आपल्या यंत्रणेला न लावता शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकले होते. पूर्वीच्या काळी याला वेठ म्हणत.

म्हणून प्रत्येक अर्जापुढे पहिला प्रश्न हा टाकला पाहिजे की ही चौकट इथे आहेच कशाला. जे सरकारला ठाऊक आहे ते पुन्हा का विचारता? आधार क्रमांक दिल्यावर नाव, जन्मतारीख, पत्ता परत का लिहायचा? जगभर संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून जे नियम सर्वमान्य आहेत, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत हे स्पष्ट लिहिले आहे: त्याच कामात एकदा दिलेली माहिती माणसाला दुसऱ्यांदा भरायला लावू नये. आमच्याकडे मात्र गावाचे नाव तीन पानांवर तीनदा निवडावे लागते, आणि तिसऱ्या पानावर "मागे" दाबले तर पहिल्या पानावरचे सगळे पुसले जाते.

आता ज्या चौकटी खरोखर लागतात त्यांच्याकडे वळू. शेतकी कॉलेजात आम्हाला पाहणीचे तक्ते भरायला शिकवले होते. त्यातला पहिला धडा असा की प्रश्न शेतकऱ्याच्या मापात विचारा, हिशोब तुम्ही करा. तो पायली म्हणाला तर पायली लिहा आणि किलो घरी जाऊन काढा. पोर्टल बांधणाऱ्यांना हा धडा कोणी दिलेला दिसत नाही.

क्षेत्राची चौकटच घ्या. तुमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिलेले असते. समजा ०.४०.५० असे आहे. म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. त्यात टिंबे दोन. आम्ही पाहिलेल्या एका अर्जात क्षेत्राची एकच चौकट होती आणि ती एकच टिंब घेत होती. सातबाऱ्यावरून जसेच्या तसे उतरवणाऱ्या माणसाला ती सांगत होती, "कृपया वैध मूल्य प्रविष्ट करा." सरकारच्याच कागदावरचे सरकारचेच मूल्य सरकारच्याच पोर्टलला अवैध! मग माणूस काय करतो? बोलण्यात आपण एकर-गुंठे बोलतो. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून तो चाळीस लिहितो. चौकट हेक्टरची असते, पण हेक्टर हा शब्द वर कोपऱ्यात बारीक अक्षरात. झाला आमचा एकरभर वाडीवाला चाळीस हेक्टरचा जमीनदार! पुढे छाननीत क्षेत्र जास्त दाखवले म्हणून अर्ज बाद, आणि गावात बोभाटा की शेतकरी खोटे क्षेत्र दाखवून विमा लाटतात.

यावर उपाय काही चंद्रावर जाण्याइतका अवघड नाही. सातबाऱ्यावर तीन आकडे आहेत, तर तीन चौकटी द्या. पहिलीवर हेक्टर, दुसरीवर आर, तिसरीवर चौरस मीटर असे ठळक लिहा, आणि खाली एका ओळीत दाखवा, "म्हणजे सुमारे एक एकर." आकडा चुकला असेल तर माणूस तो स्वतःच ओळखेल. ब्रिटनचे सरकार आपल्या अर्जांत जन्मतारखेसाठी दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी ठेवते. तिथला बाबू आपल्यापेक्षा हुशार आहे असे नाही, त्याला तसा नियम घालून दिला आहे. आमच्याकडे साठीच्या म्हाताऱ्याला जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडून १९६० पर्यंत एकेक महिना मागे ढकलावा लागतो.

बँकेच्या शाखेचा कोड हा दुसरा सापळा. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि पाचवे नेहमी शून्य. हे पाचवे शून्य पाहून निम्मे लोक ओ हे अक्षर टाकतात. पासबुकावरच्या छपाईत दोन्ही सारखेच दिसतात. पाचवी जागा नेहमीच शून्याची असेल तर ओ टाकला की यंत्राने मुकाट्याने त्याचे शून्य करून घ्यावे ना? पण नाही, परीक्षा घ्यायची! त्यातून १ एप्रिल २०१९ ला देना बँक आणि विजया बँक बडोदा बँकेत विलीन झाल्या आणि १ मार्च २०२१ पासून त्यांचे जुने कोड बंद झाले. ज्याच्या कपाटात देना बँकेचे जुने पासबुक आहे तो आजही त्यावरचाच कोड टाकतो. "हा कोड जुना आहे, बँकेत जाऊन नवा घ्या" इतके यंत्राने सांगितले तर त्याची एक खेप वाचेल. यंत्र म्हणते, "अवैध."

आमच्या भागातली नावे तर चौकटींना मुळीच पचत नाहीत. सातबाऱ्यावर नाव मराठीत, आधारवर इंग्रजीत, आणि इंग्रजीत व लिहायला व्ही की डब्ल्यू हे ज्याने आधार काढून दिले त्याच्या मर्जीवर. अक्षर जुळले नाही की माणूसच जुळत नाही. सामाईक खात्यात भावाभावांची, चुलत्यांची, मयत आजोबांची नावे एकाखाली एक. त्यातला आपला हिस्सा कुठल्या चौकटीत लिहायचा ते कोणी सांगत नाही. वनहक्काच्या पट्ट्यावर नागली-वरई पिकवणाऱ्या आमच्या वारली भावाकडे वनहक्काचे प्रमाणपत्र आहे, कायद्याने मिळालेले. पण यादीतून गट नंबर निवडा म्हणणाऱ्या चौकटीत त्याचा तुकडा सापडत नाही आणि "यांपैकी नाही, मी लिहून देतो" अशी सोय नाही. चौकटीत नाही म्हणजे जमिनीवर नाही!

हे सगळे कुठे भरायचे तेही पाहा. पोर्टल बांधणारा थंड खोलीत मोठ्या पडद्यापुढे बसून चौकट आखतो. ई-पीक पाहणीला आपण उभे असतो शेतात, कारण फोटो तिथूनच काढावा लागतो. डोक्यावर ऊन, पडद्यावर काही दिसत नाही, काच तडकलेली. नरपड-चिखल्याच्या वाडीत चिकू उतरवल्यावर हाताला चीक असतो, आणि चिकाने चिकटलेले बोट पडद्यावर कुठे टेकले आणि कुठे उमटले याचा भरवसा नाही. अशा हाताला गव्हाच्या दाण्याएवढे वर्तुळ नेमके दाबायला सांगणे म्हणजे थट्टाच. चौकटीच्या नावावर बोट पडले तरी चौकट उघडली पाहिजे. मोबाईल क्रमांकाच्या चौकटीत गेल्यावर अक्षरांची पाटी न उघडता आकड्यांची मोठी पाटी उघडली पाहिजे. आधार क्रमांक कार्डावर चार-चार आकडे सुटे छापलेला असतो, तसाच मोकळ्या जागा ठेवून लिहिला तर तो घेतला पाहिजे. मराठी आकड्यांत लिहिला तरीही घेतला पाहिजे. राज्यभाषेचे आकडे राज्याच्या पोर्टलला वाचता येत नसतील तर राज्यभाषा दिन साजरा तरी कशाला करता?

आणखी एक खोड आहे, ती दिसायला लहान पण फार नडते. चौकटीच्या आत करड्या, फिकट अक्षरांत लिहिलेले असते, "येथे बचत खाते क्रमांक लिहा." लिहायला सुरुवात केली की ती अक्षरे नाहीशी! मध्येच फोन आला, शेळी सुटली, पाऊस आला, आणि परत येऊन पाहिले तर या चौकटीत काय हवे होते ते कळायला मार्ग नाही. चौकटीचे नाव चौकटीच्या वर, कायम, ठळक दिसले पाहिजे.

ज्याला डोळ्यांनी कमी दिसते किंवा मुळीच दिसत नाही त्याचे तर विचारूच नका. आजच्या साध्या अँड्रॉइड फोनमध्येही पडद्यावरचे वाचून दाखवणारी सोय आहे आणि ती मराठीतही बोलते. पण चौकटीला नाव बांधून दिले असेल तरच ती नाव बोलणार. न बांधलेल्या चौकटीपाशी ती नुसते म्हणते, इथे लिहायची जागा आहे. काय लिहायचे? देव जाणे! असे नाव बांधून देणे ही संगणकाच्या भाषेत एका ओळीची गोष्ट आहे, त्याला निविदा लागत नाही. चूक दाखवायला नुसती लाल कड काढून भागत नाही. ज्याला लाल-हिरवे वेगळे दिसत नाही त्याने काय करायचे? कोणती चौकट, काय चुकले, काय लिहिले तर चालेल, हे शब्दांत आणि बोलीला जवळच्या मराठीत लिहायला हवे. "प्रविष्ट", "वैध", "प्रवर्ग" ही मराठी तलासरीच्या पाड्यावर कोणी बोलत नाही, आणि खरे म्हणजे मुंबईतही कोणी बोलत नाही.

ही आम्ही काही मेहेरबानी मागत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने पहिल्यांदा २००९ मध्ये काढल्या आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंध व्यक्ती आणि ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांच्या याचिकांवर निकाल देताना सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला केवायसीच्या पद्धतींविषयी होता. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा म्हणणाऱ्या यंत्रापुढे ज्याला ती करताच येत नाही त्याने काय करायचे, हा त्यातला प्रश्न. झिजलेल्या बोटांचा मजूर आणि मोतीबिंदू झालेली म्हातारी यांचा प्रश्न याच जातीचा आहे असे आम्ही मानतो.

यावर अधिकाऱ्यांची दोन ठरलेली उत्तरे आहेत. पहिले असे की शेतकऱ्याने आता डिजिटल साक्षर व्हायला हवे. जरूर व्हावे! पण आमची पोरे दिवसभर मोबाईलवर पैसे पाठवतात, वापीच्या आणि उंबरगावच्या कारखान्यांतल्या पाळ्यांची हजेरी लावतात, चिकूचे फोटो काढून व्यापाऱ्याला धाडतात. तिथे ती अडत नाहीत, कारण तिथे अडली तर धंदा बुडतो आणि बांधणाऱ्याला ते ठाऊक असते. सरकारी अर्जात शेतकरी अडला तर कोणाचे काय बुडते? उलट लाभार्थी कमी होतात आणि निधी वाचतो. कोणी मुद्दाम असे करते असा आरोप आम्ही करत नाही. पण चूक दुरुस्त करण्याची घाई कोणाला का नाही, याचे उत्तर इथे शोधावे.

दुसरे उत्तर, "जमत नसेल तर सेवा केंद्रात जा." केंद्रात बसलेली मुले आपलीच आहेत, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पीकविम्याच्या अर्जामागे केंद्राला ४० रुपये विमा कंपनीकडून मिळतात. वरचे पैसे मागितले तर देऊ नका, इतकेच सांगतो. पण अर्ज केंद्रातून भरला म्हणून सोपा होत नाही. पडदा केंद्रचालकाकडे तोंड करून असतो. तो विचारतो, आपण सांगतो, तो काय लिहितो ते आपल्याला दिसत नाही. ओटीपी जातो पोराच्या फोनवर, पोरगा वापीला कामावर, फोन लॉकरमध्ये. दहा मिनिटांत आकडा आला नाही की सगळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी "अंगठा लावा" म्हटले की आपण लावतो.

अंगठ्याची गोष्ट या तालुक्यांना नवी नाही. न वाचलेल्या, कोऱ्यासुद्धा कागदावर सावकाराने आणि जमीनदाराने अंगठे उमटवून घेतले आणि पिढ्या गहाण पडल्या. वेठ आणि लग्नगडीपणाविरुद्ध १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांसोबत वारली उठला तो याच मातीतून, झरीच्या सभेतून. आजचा केंद्रचालक सावकार नाही आणि आजचे सरकार जमीनदार नाही, हे आम्हाला कळते. पण आपण कशावर अंगठा लावतो आहोत ते माणसाला वाचता, ऐकता आणि बदलता आले पाहिजे, हा हक्क तेव्हाही मागितला होता आणि आजही मागावा लागतो आहे. अर्ज पाठवण्याआधी भरलेले सगळे एका पानावर, मोठ्या अक्षरांत, वाचून दाखवता येईल असे समोर आले पाहिजे, आणि चुकलेली एकच चौकट उघडून दुरुस्त करता आली पाहिजे. पाठवल्यावरसुद्धा मुदतीच्या आत दुरुस्ती करता आली पाहिजे.

जिल्हा मेळाव्यात आम्ही ठराव मांडणार आहोत. कोणताही नवा अर्ज राज्यभर लागू करण्याआधी तो गावात आणून शेतकऱ्यांकडून भरवून पाहावा, मुंबई-पुण्याच्या कार्यालयात बसून नव्हे. पालघर जिल्ह्यात एक बागायती गाव आणि एक वनपट्ट्यांचा पाडा घ्यावा. नरपडचा चिकूवाला आणि तलासरीच्या डोंगरातला नागलीवाला दोघांच्या हातात फोन द्यावा आणि बांधणाऱ्याने तोंड बंद ठेवून शेजारी बसावे. जिथे दहातले चार जण अडतील ती चौकट नापास, शेतकरी नव्हे. चौकटीच्या दोषामुळे बाद झालेल्या अर्जाला मुदतीचे कारण सांगू नये. फळपीक विम्यात मृग बहाराची मुदत जूनमध्ये संपते. त्यानंतर "पोर्टल आता सुधारले" म्हणून चिकू बागायतदाराला काय उपयोग? आणि पोर्टल बंद पडेल तेव्हा तलाठी किंवा कृषी सहायकाने कागदावरचा अर्ज घेऊन पोच द्यावी.

ठरावाला पुरावा लागतो, तो तुम्ही आणायचा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने साध्या वहीच्या कागदावर लिहून आणावे: कोणत्या योजनेचा अर्ज, कोणत्या तारखेला, कोणत्या चौकटीत अडलो, आपण काय लिहिले होते आणि यंत्राने नेमक्या कोणत्या शब्दांत उत्तर दिले. शब्द जसेच्या तसे उतरवा, आपल्या भाषेत सांगू नका. फोटो असेल तर उत्तम. आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि ओटीपी मात्र त्या कागदावर कोणीही लिहू नये, आणि फोटोत दिसत असेल तर झाकून आणावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे आणि तिने लिहिलेले एकदा मोठ्याने वाचून घ्यावे.